आवडी कामाला येत होती

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर मुकेश शेठचा पापडाचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायला. एक लांबट खोली, भिंतीला पिठाची पोती, छताला दोन पंखे आणि जमिनीवर सहा पाट. प्रत्येक पाटाच्या दोन बाजूंना दोन बायका समोरासमोर बसायच्या. एकीने लाटीची पुरी करून पुढे सरकवायची, दुसरीने ती फिरवत फिरवत पातळ करायची, इतकी पातळ की पापड उजेडाला धरला तर पलीकडचं माणूस दिसावं. एकटीनं लाटायची तिथं रीतच नव्हती. जोडीण आली नाही, तर शेठ दुसरीच्या हातचं लाटणं काढून घ्यायचा आणि तिला दिवसभर पीठ कुटायला बसवायचा. एकटीचा पापड कडेला जाड राहतो, म्हणायचा.

निशाची जोडीण आवडी. निशा अंबरनाथची, बुद्धवस्तीतली. आवडी बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या ठाकरपाड्यावरची. एरवी या दोघींची गाठ पडायचं कारण नव्हतं, पण एका पाटाला चार वर्षं गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर एकीचा श्वास दुसरीला कळतो. दोघी लाटता लाटता ओव्या गायच्या. पहिली ओळ निशाची, दुसरी आवडीची, आणि आवडी दुसऱ्या ओळीत काय घालेल याचा नेम नसायचा. निशा गायची,

*शेठ आमचा बाई, जिन्यात उभा राही*

आणि आवडी मान खाली घालून, लाटणं न थांबवता,

*पापडाच्या आरपार, घड्याळ त्याचं पाही*

मग बाराही जणी हसायच्या आणि जिन्यात उभा असलेला शेठसुद्धा खोटं खोटं रागवायचा.

लॉकडाऊन लागला तेव्हा महिनाभर सगळं बंद होतं. एप्रिल संपता संपता शेठनं परवानगी आणली. पापड म्हणजे खायची वस्तू, ती अत्यावश्यक. एका टेम्पोवर तसा कागद चिकटवला. तो टेम्पो पहाटे बारवीच्या रस्त्यावरून आवडीला घ्यायचा, बदलापुरातून चौघींना, अंबरनाथहून बाकीच्यांना. मागे ताडपत्री टाकलेली. पोलीस दिसला की ड्रायव्हर आतून पत्रा वाजवायचा आणि सगळ्या जणी दाटीवाटीनं खाली वाकायच्या. तिकडे टीव्हीत सांगत होते, सहा फूट लांब राहा. टेम्पोत एकीचं डोकं दुसरीच्या मांडीत असायचं.

त्या शनिवारी आवडीचा हात चालत नव्हता. डोळे लाल, कपाळ तापलेलं. पिठात हिंग मळला होता, सगळ्या खोलीत घमघमाट, आणि ही लाटी नाकाशी धरून म्हणाली, "ताई, आज हिंग घालाय इसरले का गं?"

"तुझं नाक पाड्यावर राहिलं वाटतं," निशा म्हणाली. दोघी हसल्या. मग आवडीला खोकला आला आणि ती कितीतरी वेळ थांबेना.

निशानं शेठला हाक मारली. शेठनं जिन्यातूनच पाहिलं, वर जाऊन एक गोळी आणली, ती पाटावर लांबून ठेवली आणि म्हणाला, "गोळी घे. एवढा गोळा संपवून टाका, पीठ सुकून जाईल. फिर आराम."

आवडीनं गोळा संपवला. संध्याकाळी पापडांची ताटं घेऊन गच्चीवर वाळत टाकायला तीच गेली, कारण तिचीच पाळी होती.

सोमवारी फाट्यावर आवडी नव्हती. तिचा नवरा देऊ एकटाच उभा होता. रात्री तिला दम लागला, गाडी आली आणि दवाखान्यात घेऊन गेली, एवढं त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरनं शेठला. शेठनं तेव्हा काहीच केलं नाही. निशाला पीठ कुटायला बसवलं, झालं.

बुधवारी मात्र त्यानं सगळ्यांना काम थांबवायला लावलं. तोंडावर रुमाल, हातात मोबाईल.

"बघा, आवडीचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. आता म्युन्सिपाल्टीवाले विचारतील. कुणी विचारलं, तर आवडी लॉकडाऊनपासून इथे आलीच नाही. बस, इतनाही बोलना है."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बदलापूरची सरस्वती, जिला तोंडाला झाकण नाही असं सगळे म्हणायचे, ती बोलली. "आणि ती बरी होऊन आली तर काय म्हणायचं शेठ? तू कोण गं बाई?"

कुणीतरी हसलं. शेठ हसला नाही.

"सील लागला तर किती दिवस? चौदा? महिना? मला पण माहीत नाही. एप्रिलमध्ये आटा-डाळ कुणी दिली तुम्हाला? मी काय वाईट माणूस आहे का? सांगा ना."

वाईट माणूस नव्हता. हेच तर अवघड होतं. निशाच्या घरीही त्याच्या डाळीचं वरण झालं होतं. तिचा नवरा धर्मराज रिक्षा चालवायचा आणि रिक्षा दीड महिना दारात ताडपत्रीखाली उभी होती. चूल निशाच्या या दोन हातांवर होती.

अन् तेवढ्यात निशाचाच फोन वाजला.

"हॅलो, मी आरोग्य केंद्रातून भावना सिस्टर बोलते. निशाताई का? आवडी नावाची पेशंट आहे, तिनं तुमचा नंबर दिला. ती कामाला कुठं येत होती, शेवटची कधी आली, एवढं सांगा."

शेठनं बोट वर केलं. फोन स्पीकरवर टाक, अशी खूण केली. निशानं टाकला. सगळ्यांचे पिठाळ हात मांडीवर तसेच राहिले. पंख्याचा आवाज तेवढा.

"नाही," निशा म्हणाली. "लॉकडाऊनपासून ती आलीच नाही कामाला."

"नक्की? तिला दम आहे, फार बोलता येत नाही. पण म्हणाली, निशाताई सगळं सांगेल."

"नाही आली."

फोन बंद झाला. शेठनं सुटकेचा श्वास टाकला. "शाब्बास," म्हणाला आणि जिना चढून गेला.

त्या दिवशी कुणी गायलं नाही.

परत येताना टेम्पोत सरस्वती एकदम म्हणाली, "माझ्याकडं असं बघू नकोस निशा. मला सासू आहे दम्याची, दोन पोरी आहेत. मी पण हेच बोलले असते."

"मी कुठं काय म्हणाले?"

"तू न बोलताच बोलतेस. ते जास्त लागतं."

घरी निशानं साबण लावून हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिची सासू बनूबाई दाराशी बसून गहू निवडत होती. बाहत्तर वर्षांची बाई, नजर अजून सुईत दोरा ओवणारी.

"हात आहेत की भांडी? किती घासशील?"

निशानं सांगून टाकलं. सासूपासून तिनं आजवर काही लपवलं नव्हतं, कारण लपवून उपयोग नसायचा. बनूबाईनं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा उचलून रस्त्यावर फेकला.

"म्हणजे आवडी आलीच नाही."

"असं बोलायला लावलं."

"मग हे आठ-दहा दिवस तू कुणाबरोबर लाटलंस गं? भुताबरोबर?"

निशाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. शेठच्या ध्यानात आलंच नव्हतं. निशा रोज पाटावर होती आणि तिची जोडीण नव्हती, हे या धंद्यातल्या कुठल्याही बाईनं ऐकलं असतं तर तिथंच पकडलं असतं. पण सिस्टरला काय माहीत पापडाची रीत? खोटं पचलं होतं.

"त्यांनी बाकीच्यांना तपासलं असतं," निशा म्हणाली. "अकरा जणी. सरस्वतीची सासू. आपण. आणि आई, तुम्ही."

"माझं सोड. मी पिकलं पान."

"सोडून कसं चालेल?"

संध्याकाळी आणखी एक फोन आला. देऊचा. पाड्यावर रेंज नसायची, तो टेकडीवर चढून फोन करायचा, म्हणून वारा आधी ऐकू यायचा आणि मग त्याचा आवाज.

"ताई, म्या देऊ. तो दवाखान्यातला माणूस आलता पाड्यावर. म्हनला, कारखान्यात इचारलं, ती कामाला येतच नव्हती."

निशानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पाड्यावर समदे इचारतात ताई. रोज पहाटं जायची ना ती? टेंपोत बसायची. मग जायची कुठं? सोमादादानं बांबू टाकलाय आमच्या घराच्या वाटंला. म्हनतो, बाई कुठं फिरून काय घेऊन आली, ठावं नाय." वारा सुटला. "मला ठावं हाय ती कुठं जायची. पन ताई, तुमी तरी सांगा ना. तुमच्या तोंडून आयकायचंय."

"देऊ," निशा म्हणाली, आणि फोनच कट झाला. टेकडीवर वारा फिरला की असं व्हायचं. की तिनंच कापला, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

धर्मराज रिक्षाचा आरसा पुसत होता. चालत नसलेल्या रिक्षाचा आरसा तो रोज पुसायचा. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"आवडीचं नाव घालवलं मी," निशा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा. बुद्धजयंती. दर वर्षी वस्तीतल्या विहारात पाय ठेवायला जागा नसायची, खिरीची पातेली उतरायची, पोरं निळे झेंडे घेऊन पळायची. या वर्षी विहाराला कुलूप होतं. वंदना घेणारे बौद्धाचार्य लॉकडाऊनच्या आधी गावी गेले ते तिकडेच अडकले होते. वस्तीतल्या बायकांनी तोड काढली: सकाळी सातला प्रत्येकानं पांढरे कपडे घालून आपापल्या दारात उभं राहायचं, समोर मेणबत्ती लावायची, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायला हवा म्हणून निशाला उभं केलं. ओव्यांनी तापलेला गळा होता तिचा.

पहाटे बनूबाई मेणबत्तीला बूड करत स्वतःशीच गुणगुणत होती:

*वैशाखाची पुनव, दारात दिवा ठेवू*
*विहाराला कुलूप, पण शब्द आत नेऊ*

"आई, आज मी म्हणत नाही," निशा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगा."

"का?"

"चौथं शील आहे ना त्यात, खोटं न बोलण्याचं."

बनूबाईनं मेणबत्ती खाली ठेवली. "हे बघ. मी आठ वर्षांची होते तेव्हा बापानं देव्हारा टोपलीत घालून नदीला सोडला. दुसऱ्या दिवशी गावानं आमचं पाणी तोडलं. आई रडत होती, की आता कुणाच्या आधारावर जगायचं. बाप म्हणाला, शरण आहे ना. मला वाटलं शरण म्हणजे कुठलं तरी घर असेल, तिथं जाऊन राहायचं." ती हसली. "अजून मला तसंच वाटतं. घरच आहे ते. चुकलेल्या माणसानंच जायचं तिथं. न चुकलेल्याला कशाला हवं घर?"

सात वाजले. गल्लीत पांढरं पांढरं झालं. दारादारांत माणसं. कुणाच्या तोंडाला रुमाल, कुणाच्या पदराचं टोक. मेणबत्त्यांच्या ज्योती उन्हात दिसतच नव्हत्या, नुसती वात हलल्यासारखी हवा. निशा उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिनं वंदना सुरू केली. गल्ली मागून म्हणू लागली. तिन्ही सरणं झाली. बुद्धाला, धम्माला, संघाला. म्हणता म्हणता तिच्या छातीतलं कालपासूनचं गच्च काहीतरी सैल व्हायला लागलं. लहानपणापासून तोंडी असलेले शब्द, अर्थ न बघता येणारे-जाणारे. आज प्रत्येक शब्द थांबून तिच्याकडे बघत होता.

पहिलं शील. दुसरं. तिसरं.

"मुसावादा..."

आणि निशा थांबली.

गल्लीही थांबली. लोकांना वाटलं, श्वास घेत असेल. मग वाटलं, विसरली. समोरच्या दारातून एका पोरीनं हळूच पुढचा शब्द सुचवला. निशानं मान हलवली. विसरली नव्हती. तिला दिसत होती ती खोली, ते वर केलेलं बोट, दमानं भरलेल्या छातीतून आवडीनं दिलेला तिचा नंबर. निशाताई सगळं सांगेल.

मागून बनूबाईचा आवाज आला, हळू, चेष्टेचा, फार मायेचा. "अडकलीस? बस की थोडी. घरच आहे."

निशानं डोळे मिटले, उघडले. "मुसावादा वेरमणी," ती म्हणाली. आवाज असा निघाला की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून उभं राहिलं. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. मी राहीन, दुसरं कुणी नाही. गल्लीनं मागून म्हटलं. पाचवं शील तिनं असं म्हटलं की जणू काम आटोपून उठायची घाई होती.

वंदना झाल्यावर धर्मराज म्हणाला, "आत्ता इथूनच लाव सिस्टरला फोन. सुट्टीच घे आज."

"इथून नाही," निशा म्हणाली. "जिथं बोलले तिथंच बोलणार. शेठच्या मागून केलं तर ती चहाडी होईल. तोंडावर करायचं."

"काम जाईल."

"जाईल."

धर्मराजनं रिक्षाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," म्हणाला. "मी आईकडे बघतो. तू ये बोलून."

ती पांढऱ्या साडीतच टेम्पोत चढली. सरस्वतीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज लग्न की मयत?"

"सरस्वती, मी आज खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगते, नंतर म्हणू नका की फसवलं."

टेम्पोत एकच कल्ला उठला. एक म्हणाली, बाईला वेड लागलंय. एक रडायलाच लागली. सरस्वती सगळ्यात शेवटी बोलली, आणि दातओठ खात. "तुझं शील तुझ्यापाशी ठेव. माझ्या पोरींच्या ताटात शील वाढू का मी?"

"तुझ्या सासूला दमा आहे," निशा म्हणाली. "तुला, तूच म्हणालीस. तू रोज सासूशेजारी निजतेस."

सरस्वतीनं तोंड फिरवलं. ताडपत्रीच्या फटीतून ती रस्ता बघत राहिली, बंद दुकानांचा, कुणी नसलेला.

कारखान्यात निशा पाटावर बसली नाही. उभी राहिली. शेठ जिन्यात आला.

"शेठ, खाली या. मी सिस्टरला फोन लावतेय."

"कशाला?"

"काल खोटं बोलले म्हणून."

शेठ दोन पायऱ्या उतरला. "निशा. सोच ले. तू एकटी नाहीस, इथे बारा घरं आहेत."

"बारा घरं आहेत म्हणूनच. काल विचार केला नव्हता, आज केलाय."

"मी तुला परत घेणार नाही, हे ऐकून ठेव. कधीच नाही. मी काय तुमचं वाईट चिंतलं? ऑर्डर अडकली आहे, बाजार बंद, मी कुठून आणू? मालकाला कोण विचारतो? तुम्हाला तरी सिस्टर विचारतात!"

त्याचा आवाज फाटला होता. निशाला त्याची कीव आली, आणि कीव आल्यावर बोलणं सोपं झालं.

"शेठ, शनिवारी गच्चीवर ताटं कुणी नेली?"

शेठनं जिन्यातून वर पाहिलं.

"आवडीनं नेली. गच्चीवर कावळे हाकायला कोण बसतं? तुमची अम्मा. अम्माच्या शेजारी बसून ती पापड पसरत होती, अर्धा तास. अम्मानं तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं, कारण तिला खोकला होता. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघितलं. चांगली आहे तुमची अम्मा."

शेठनं जिन्याचा कठडा धरला. निशानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कालच्यासारखाच.

"भावना सिस्टर, मी निशा. काल मी तुमच्याशी खोटं बोलले. आवडी रोज कामाला येत होती. शनिवारपर्यंत. माझ्या समोर बसून पापड लाटत होती. शनिवारी तिला ताप होता, खोकला होता आणि तिला हिंगाचा वास येत नव्हता."

सिस्टरनं विचारलं, "हिंगाचा? बरं. काल का नाही सांगितलं?"

"भिऊन."

"पत्ता सांगा. आणि सोबत कोण कोण होतं, नावं सांगा."

निशानं नावं सांगितली. एकेकीकडे बघून, एकेक. कुणी मान खाली घातली, कुणी वर केली. सरस्वतीचं नाव आलं तेव्हा तीच मध्ये बोलली, "माझ्या सासूचं पण लिहा. दम्याची आहे." दहा जणींची नावं संपली, अकरावं निशाचं. सिस्टरनं विचारलं, आणखी कुणी?

बायकांनी जिन्याकडे पाहिलं. मग जिन्यातून शेठचा आवाज आला, जाडाभरडा, ओळखू न येणारा.

"अम्मा का लिखो. उमर चौहत्तर."

दुपारी गाड्या आल्या. दाराला पट्टी लागली. सगळ्यांना एका शाळेत नेऊन ठेवलं, वर्गा-वर्गात गाद्या टाकून. चौघींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सरस्वती त्यातलीच, तिची सासू निगेटिव्ह निघाली आणि नातेवाइकांकडे हलवली गेली. शेठच्या अम्माला दवाखान्यात ठेवावं लागलं. दहाव्या दिवशी ती घरी आली. निशाला काही झालं नव्हतं. ती रोज सकाळी वर्गाच्या खिडकीशी उभी राहून आपली वंदना म्हणायची. दोघी-तिघी जणी तिच्याशी बोलत नव्हत्या. शेठचा निरोप ड्रायव्हरनं आणला: सगळ्या या, निशा नको. तिला वाईट वाटलं. दोन दिवस फार वाईट वाटलं. मग तिनं ते बाजूला ठेवलं, कारण तिचं एक काम अजून राहिलं होतं.

सिस्टरनं देऊला फोन केला होता. पण पाड्यावर फोनचा विश्वास कुणी धरला नाही. सोमादादा म्हणाला, फोनात कोण बोलतंय, काय बोलतंय, कुणी बघितलं? काल एक बोलले, आज एक.

शाळेतून सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं धर्मराजला रिक्षा काढायला लावली. परवानगी अजून पूर्ण नव्हती. "पोलिसानं अडवलं तर?" तो म्हणाला.

"तर तिथून चालत जाईन."

बदलापूर गाव मागे पडलं. धरणाच्या पाण्यावरून वारा आला. रस्ता चढू लागला तशी भातखाचरं दिसायला लागली, पेरणीआधी भाजून काळी केलेली. पाड्याच्या तोंडाशी दोन बांबू आडवे बांधले होते आणि त्याला फाटकी लाल चिंधी. बाहेरच्यानं यायचं नाही. पलीकडे झाडाखाली चार-पाच बाप्ये बसले होते, दारात बायका. शेवटच्या घराच्या वाटेवर आणखी एक बांबू. त्या घराच्या ओट्यावर आवडी बसलेली होती. तिला घरी सोडून तीन दिवस झाले होते. एवढीशी दिसत होती. तिनं निशाला ओळखलं, पण ती उठली नाही. हातही केला नाही.

ते निशाला बरोबरच वाटलं. एवढ्या सहज हात कशाला करायचा तिनं?

"कोन हाय?" म्हातारा सोमा काठी टेकत बांबूपाशी आला, पाच हातांवर थांबला.

"मी निशा. अंबरनाथची. आवडीची जोडीण."

"ती म्हंजी फोनवाली?"

"हो. तीच. दादा, मी फोनवर खोटं बोलले होते. आवडी कामाला येत होती. रोज. रविवार सोडून एक दिवस चुकली नाही. पहाटे टेम्पोत बसून उल्हासनगरला यायची आणि दिवसभर माझ्यासमोर बसून पापड लाटायची. दुसरीकडे कुठं गेली नाही. आजार तिला कामावर झाला. तो तिचा दोष नाही. खोटं बोलण्याचा दोष माझा."

सोमानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "कुणी धाडलं तुला? शेठनं?"

"शेठनं काढून टाकलं मला."

"मंग कशाला आलीस यवढी?"

"तोंड माझं होतं दादा. दुसरं कोण येणार?"

म्हातारा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. मागे वळून त्यानं झाडाखालच्या बाप्यांकडे पाहिलं, दारातल्या बायकांकडे. मग म्हणाला, "मला आयकू आलं. त्यांना नाय आलं. पुन्हा बोल. मोठ्यानं बोल, त्या वरच्या घरापातूर जाऊ दे."

निशानं तोंडावरचा रुमाल नीट केला. दोन्ही हातांनी बांबू धरला आणि छातीत श्वास भरून घेतला.

"आवडी कामाला येत होती!" ती ओरडली. वरच्या घरांतून माणसं बाहेर आली, तशी ती पुन्हा ओरडली.